दर्शनी वास्तू आणि वापरातील वास्तू : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बदलत्या रूपाची समीक्षा

प्रस्तावना

रेल्वे स्थानक ही आधुनिक काळाने निर्माण केलेली वास्तू आहे. मंदिर, वाडा, किल्ला, घाट यांना आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे. स्थानकाला तशी परंपरा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आली आणि तिच्याबरोबर एक सर्वस्वी नवी सामाजिक जागा अस्तित्वात आली. निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे आणि वर्गांचे लोक एकाच छताखाली, एकाच वेळापत्रकाने बांधले जाऊन तेथे एकत्र येऊ लागले. त्यामुळे स्थानकाच्या वास्तूची समीक्षा केवळ शैली, अलंकरण आणि बांधणी यांच्या आधारे करता येत नाही. ती वास्तू कोणासाठी योजली गेली, प्रत्यक्षात कोणी वापरली आणि काळाच्या ओघात तिच्यात कोणाला किती जागा मिळाली, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे ठरतात.

या दृष्टीने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे विशेष अभ्यसनीय उदाहरण आहे. बोरीबंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस, व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी अशा अनेक नावांनी लोकव्यवहारात वावरणाऱ्या या स्थानकाविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बरेचसे लेखन वास्तूच्या दर्शनी भागाचे गुणवर्णन करण्यात खर्ची पडलेले दिसते. या वास्तूची दर्शनी इमारत आणि तिच्या मागे वाढत गेलेले प्रत्यक्ष वापरातील स्थानक यांच्यात उत्तरोत्तर अंतर पडत गेले आणि जतनाचा विचार मुख्यतः पहिल्या घटकापुरता मर्यादित राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. स्थानकाच्या पुनर्विकासाच्या संदर्भात या प्रतिपादनाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

मूळ योजना : घुमट कोणासाठी?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली, तेव्हा आजची वास्तू अस्तित्वात नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा व्याप वाढल्यावर तिला स्थानक आणि प्रशासकीय मुख्यालय अशा दुहेरी उपयोगाच्या इमारतीची गरज भासू लागली. हे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) यांच्याकडे सोपविण्यात आले. १८७८ मध्ये बांधकामास आरंभ झाला. राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये स्थानकाला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आले आणि १८८८ मध्ये इमारत पूर्णत्वास गेली. सोळा लाखांहून अधिक रुपये खर्च झालेली ही वास्तू त्या काळातील मुंबईच्या सर्वांत खर्चिक इमारतींपैकी एक होती.

आराखड्याच्या दृष्टीने पाहिल्यास इमारत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, पूर्व-पश्चिम अक्षाभोवती समतोल राखून योजलेली आहे. दोन्ही बाजूंचे पंख रस्त्याकडे उघडणाऱ्या प्रांगणाला कवेत घेतात. कोपऱ्यांवरील मनोरे मध्यवर्ती घुमटाला तोलून धरतात. घुमट अष्टकोनी व फासळ्यांचा असून त्याच्या माथ्यावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात आऱ्यांचे चाक धारण केलेली ‘प्रगती’ची भव्य स्त्रीमूर्ती आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि भारताचा वाघ बसविलेले आहेत. व्यापार, शेती, अभियांत्रिकी आणि विज्ञान यांच्या प्रतीकमूर्ती दर्शनी भागावर आहेत. साम्राज्याने स्वतःविषयी सांगावयाची कथा अशा प्रकारे दगडात सांगितली गेली आहे.

या योजनेतील सर्वांत सूचक बाब मात्र घुमटाच्या खाली आहे. मध्यवर्ती घुमट ही कोणत्याही वास्तूतील सर्वाधिक मानाची जागा असते. देवालयात तेथे देवता असते, विधिमंडळात सभागृह असते. येथे घुमटाखाली प्रवाशांचे दालन नाही. वरच्या मजल्यांवरील कार्यालयांकडे नेणारा भव्य दगडी जिना आहे. म्हणजे वास्तूचा केंद्रबिंदू प्रवासी नसून कंपनी आहे. प्रवाशाला मिळाले ते उत्तरेकडील पंखाच्या तळमजल्यावरचे तिकीटघर. इटालियन संगमरवर, घोटलेला निळसर देशी दगड, पानाफुलांच्या कोरीव कमानी आणि मूळच्या निळ्या छतावर सोनेरी तारे असलेले हे दालन ‘स्टार चेंबर’ या नावाने ओळखले जाते. ते निःसंशय देखणे आहे. परंतु एकूण आराखड्यात त्याचे स्थान एका पंखातले आहे, हे विसरता येत नाही.

असे असले तरी या वास्तूला निव्वळ परकीय सत्तेचे प्रदर्शन म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. तिच्या उभारणीत सहायक अभियंता सीताराम खंडेराव यांच्यासारखे एतद्देशीय तंत्रज्ञ होते. अलंकरणाच्या कामात मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. ज्यांच्या प्रयत्नांनी मुंबईत रेल्वे आली त्यांत अग्रभागी असलेले जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या प्रतिमा दर्शनी भागावर आहेत. मोर, माकडे, देशी वृक्षवेली आणि निरनिराळ्या समाजांची शिरोभूषणे धारण केलेले चेहरे कोरीव कामात आढळतात. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचा सांगाडा आणि भारतीय कारागिरांच्या हातची नजर यांचा मेळ हेच या वास्तूचे खरे वैशिष्ट्य होय. तथापि, ज्या लोकांचे चेहरे दगडात कोरले गेले, त्या लोकांसाठी इमारतीच्या आराखड्यात पुरेशी जागा योजली गेली नव्हती. पुढील शतकभराच्या बदलांचे मूळ या विसंगतीत आहे.

विस्तार : मागे वाढत गेलेले स्थानक

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवर चालणारी गाडी धावली. या घटनेचा उल्लेख रेल्वेच्या तांत्रिक इतिहासात नेहमी होतो; वास्तूच्या इतिहासात मात्र तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. विजेच्या गाड्यांमुळे थोड्या थोड्या अंतराने गाडी सोडणे शक्य झाले. रोज ठरावीक वेळी येणारा आणि जाणारा चाकरमानी हा स्थानकाचा प्रमुख वापरकर्ता झाला. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस सामानसुमानासह तासन्‌तास थांबतो. लोकलचा प्रवासी काही मिनिटांत स्थानक ओलांडतो. पहिल्याला बसण्याची जागा, पाणी, सावली आणि आडोसा हवा असतो. दुसऱ्याला रुंद, निर्वेध वाट हवी असते. एकाच स्थानकाने या दोन भिन्न गरजा भागवाव्यात, ही अपेक्षा स्टीव्हन्स यांच्या काळी कोणाच्या कल्पनेतही नव्हती.

१९२९ च्या सुमारास मेन लाइनच्या गाड्यांसाठी स्थानकाचा विस्तार झाला आणि उपनगरी व लांब पल्ल्याची वाहतूक उत्तरोत्तर वेगळी होत गेली. आज स्थानकात अठरा फलाट आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडील सात उपनगरी गाड्यांसाठी आणि पूर्वेकडील अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वापरले जातात. या विस्तारामागे वाहतुकीची निकड होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. समीक्षेचा मुद्दा वेगळा आहे. पत्र्याची आणि काँक्रीटची छते, तिकीटखिडक्यांच्या रांगा, उपाहारगृहे, दुकाने, जाहिरातफलक, सूचनाफलक आणि नंतर सुरक्षा तपासणीच्या चौकटी अशी जी भर पडत गेली, ती प्रत्येक वेळी तात्कालिक गरजेपुरती होती. मूळ इमारतीशी तिचा वास्तुशास्त्रीय संबंध काय असावा, याचा समग्र विचार फारसा दिसत नाही. परिणामी पुढे एक भव्य इमारत आणि मागे एक गर्दीचे स्थानक अशी दोन वेगळी अस्तित्वे निर्माण झाली.

या विभक्ततेचा प्रत्यय स्थानकाच्या रोजच्या वापरात येतो. फोर्ट परिसरातील कार्यालयांतून परतणारे असंख्य प्रवासी समोरच्या रस्त्याखालील भुयारी मार्गात उतरतात आणि थेट उपनगरी फलाटांच्या तोंडाशी वर येतात. घुमट, मनोरे, सिंह, वाघ यांपैकी काहीही त्यांच्या वाटेत येत नाही. उलट, महापालिका मुख्यालयाच्या बाजूला या वास्तूचे दर्शन घेण्यासाठी खास सज्जा उभारण्यात आला आहे आणि पर्यटकांची छायाचित्रे काढण्यासाठी तेथे गर्दी असते. ज्याला वास्तू पाहावयाची आहे त्याने रस्त्यापलीकडे उभे राहावे आणि ज्याला ती वापरावयाची आहे त्याने जमिनीखालून जावे, असा हा विभाग आहे. स्थानकाची इमारत पाहणे आणि स्थानक वापरणे या दोन स्वतंत्र क्रिया होऊन बसल्या आहेत.

याच संदर्भात स्टीव्हन्स यांच्याच दुसऱ्या एका इमारतीशी तुलना उद्बोधक ठरते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या मुख्यालयाची चर्चगेट येथील इमारत १८९९ मध्ये पूर्ण झाली. ती आरंभापासून केवळ कार्यालय होती. स्थानक तिच्यासमोर स्वतंत्रपणे उभे होते. चर्चगेट स्थानकाचे रूप पुढे साफ बदलले आणि आज तेथे विसाव्या शतकातील साधी, उपयुक्ततावादी इमारत आहे. मुख्यालयाची इमारत मात्र जशीच्या तशी राहिली. तेथे कार्यालय आणि स्थानक यांची फारकत मूळ योजनेतच होती. व्हीटीचे वेगळेपण असे, की तेथे दोन्ही एका छताखाली होती. त्यामुळे तेथे झालेली फारकत ही मूळ संकल्पनेची हानी आहे आणि म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.

नामांतर, वारसा आणि रिकामा कोनाडा

स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि ही इमारत तिचे मुख्यालय बनली. दर्शनी भागावरील घड्याळाखाली असलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा काढून टाकण्यात आला. त्याचा कोनाडा आजही रिकामा आहे. १९९६ मध्ये स्थानकाचे ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ असे नामकरण झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या आदरार्थी पदाची भर पडली. नामांतराची मागणी ज्या अस्मितेतून पुढे आली ती समजून घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या राजधानीचे प्रमुख प्रवेशद्वार परकीय राणीच्या नावाने ओळखले जाणे स्वतंत्र देशात कायम राहणे शक्य नव्हते. परंतु नाव बदलल्यानंतर या वास्तूचा आपल्या दृष्टीने नवा अर्थ काय, हा प्रश्न वास्तूच्या पातळीवर विचारला गेला नाही. रिकामा कोनाडा हे या अनुत्तरित प्रश्नाचे दृश्य रूप होय. तो भरलाच पाहिजे असे नाही. मात्र त्याच्या रिकामेपणाला काही अर्थ देण्याचा प्रयत्नही झालेला नाही.

१९९५ च्या वारसा नियमावलीनुसार मुंबईतील जुन्या वास्तूंना श्रेणीनिहाय संरक्षण मिळाले आणि त्यात ही वास्तू पहिल्या श्रेणीत आली. जुलै २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. या मान्यतेमुळे इमारतीच्या दुरुस्तीला आणि स्वच्छतेला गती मिळाली, तसेच अनिर्बंध बदलांना आळा बसला. हे योगदान मान्य केलेच पाहिजे. पुढे दर्शनी भागावर रंगीत प्रकाशयोजना आली आणि राष्ट्रीय दिनी इमारत तिरंग्याच्या रंगांत उजळू लागली. तथापि, या सर्व उपक्रमांचा रोख पुन्हा दर्शनी भागाकडेच आहे. रात्री उजळलेल्या कमानींचे छायाचित्र जगभर जाते, पण लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत जमिनीवर चादर अंथरून बसलेल्या कुटुंबाच्या सोयीचा विचार ‘वारसा’ या शब्दाच्या कक्षेत येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन दहशतवाद्यांनी या स्थानकात केलेल्या गोळीबारात ५८ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. हा हल्ला मुख्यत्वे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षा दालनात झाला. ज्या जागेचा वास्तुवर्णनांत उल्लेखही नसतो, ती जागा त्या रात्री देशाच्या इतिहासाचा भाग झाली. कोरीव कामाने नटलेल्या दालनांइतकीच ही साधी, निरलंकृत जागाही स्मृतीच्या दृष्टीने वारशाचा भाग आहे, ही जाणीव त्यानंतर तरी रुजावयास हवी होती. प्रत्यक्षात वाढल्या त्या तपासणीच्या चौकटी आणि अडथळे. १४ मार्च २०१९ रोजी स्थानकालगतचा पादचारी पूल कोसळून जीवितहानी झाली. तो पूल वारसा वास्तूचा भाग नव्हता, परंतु हजारो प्रवाशांच्या दृष्टीने तोच स्थानकाचा दरवाजा होता. वास्तूची सीमा कोठे संपते हे कागदोपत्री ठरविता येते. प्रवाशाच्या दृष्टीने ती घरापासून गाडीपर्यंतच्या अखंड वाटेत सामावलेली असते.

पुनर्विकासाची कसोटी

२०१८ मध्ये या इमारतीतील रेल्वे मुख्यालय अन्यत्र हलवून तिचे संग्रहालय करण्याची कल्पना पुढे आली होती. तिला विरोध झाला. विरोधामागे कर्मचाऱ्यांच्या गैरसोयीचा प्रश्न होता, पण त्यापलीकडे एक तात्त्विक प्रश्नही आहे. संग्रहालयात ठेवली जाते ती वापरातून गेलेली वस्तू. सुमारे १४० वर्षे अखंड वापरात असणे हाच ज्या वास्तूचा सर्वांत दुर्मीळ गुण आहे, तिला संग्रहालयाचे रूप देणे म्हणजे तिचा तो गुणच काढून घेणे होय. इमारतीच्या एखाद्या भागात संग्रहालय असणे वेगळे आणि संपूर्ण इमारत संग्रहालय होणे वेगळे.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचे हे स्थानक अशा तीन स्थानकांच्या पुनर्विकासासाठी सुमारे १०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. रुळांच्या वर प्रशस्त छत-चौक, तेथे एकत्रित प्रवासी सुविधा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवाशांची विभागणी ही या प्रकल्पाची प्रमुख सूत्रे आहेत. त्याआधीच्या आराखड्यांत वारसा परिसर १९३० च्या स्थितीला नेण्याचे उद्दिष्ट मांडले गेले होते.

१९३० हे वर्ष समीक्षेच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. त्या वर्षी ही वास्तू १८८८ मधील मूळ रूपात नव्हती. विजेच्या गाड्या सुरू होऊन पाच वर्षे झाली होती आणि मेन लाइनचा विस्तार नुकताच झाला होता. म्हणजे १९३० ही आदर्श स्थिती मानणे याचा अर्थ, वास्तूत झालेला बदल हा वारशाचाच भाग असू शकतो, हे मान्य करणे होय. मग प्रश्न जुन्या-नव्याचा उरत नाही. बदलाच्या गुणवत्तेचा उरतो. १९३० नंतरची प्रत्येक भर दूर करावी, असे या न्यायाने म्हणता येणार नाही. तसेच नव्या छत-चौकाला केवळ तो नवा आहे म्हणून नाकारताही येणार नाही. प्रत्येक बदलाने दर्शनी इमारत आणि वापरातील स्थानक यांच्यातील अंतर कमी केले की वाढविले, हीच खरी कसोटी ठरते.

या कसोटीवर काही अपेक्षा स्पष्टपणे मांडता येतात. स्टार चेंबर हे दालन रोजच्या तिकीटविक्रीसाठी खुले राहिले पाहिजे. सामान्य प्रवाशाला केवळ तिकिटाच्या किमतीत अशा वास्तूत उभे राहता येणे ही लोकशाहीतील मोठी गोष्ट आहे. नव्या छत-चौकाची उंची आणि रचना घुमटाच्या पार्श्वभूमीला झाकोळणारी असू नये. भुयारी मार्गातून येणाऱ्या प्रवाशाच्या वाटेत मूळ इमारत कोठे तरी दृष्टीस पडावी, अशी योजना व्हावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छत-चौकावरील सुविधा केवळ खर्च करू शकणाऱ्यांपुरत्या राहू नयेत. फुकट बसण्याची जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि सामान घेऊन चढउतार न करता गाडीपर्यंत नेणारी वाट या गोष्टी आराखड्याच्या केंद्रस्थानी हव्यात. प्रवाशाला विक्रीदालनांतून फिरवून फलाटावर आणणारी रचना ही घुमटाखालच्या जिन्याची नवी आवृत्ती ठरेल. त्या वेळी मानाची जागा कंपनीला मिळाली, आता ती दुकानदारीला मिळेल. प्रवासी पुन्हा एका पंखातच राहील.

असा समतोल अशक्य नाही, हे मुंबईतच याच मार्गावर दिसून आले आहे. १८५३ च्या पहिल्या मार्गावरील भायखळा स्थानकाच्या जुन्या दगडी इमारतीचे जतनकार्य २०१९ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये पूर्ण झाले. रंगाचे थर दूर करून मूळ बांधणी पुन्हा दृश्यमान करण्यात आली आणि हे सर्व स्थानक वापरात असतानाच झाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. भायखळा हे लहान स्थानक आहे आणि व्हीटीचा व्याप त्याच्या कितीतरी पट मोठा आहे, हे खरे. परंतु तेथील कामाचे महत्त्व आकारात नाही. रोजचा प्रवासी ज्या तिकीटघरातून आणि ज्या फलाटावरून जातो, तीच जागा जतनाचा विषय मानली गेली, हे तेथील कामाचे सार आहे.

निष्कर्ष

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा वास्तुइतिहास हा एका असमतोलाचा इतिहास आहे. मूळ आराखड्याने मानाची जागा कंपनीच्या प्रशासनाला दिली आणि प्रवाशाला एका पंखात बसविले. विसाव्या शतकात प्रवासी संख्येने वाढला, पण त्याच्यासाठी झालेली भर मूळ वास्तूशी नाते न जोडता मागे वाढत गेली. वारशाच्या संकल्पनेने वास्तूला संरक्षण दिले, तरी तिचा भर दर्शनी भागावर राहिल्याने हा असमतोल अधिक पक्का झाला. पुनर्विकासाने तो दूर करण्याची संधी निर्माण केली आहे. या संधीचे मोजमाप घुमटाच्या झळाळीवरून होऊ नये. संध्याकाळच्या गर्दीत लोकल पकडणाऱ्या आणि रात्रीच्या गाडीसाठी ताटकळणाऱ्या माणसाला या वास्तूत सन्मानाने वावरता येते की नाही, यावरून ते व्हावे. दगडावर कोरलेल्या त्या निरनिराळ्या शिरोभूषणांच्या चेहऱ्यांना आराखड्यात जागा देण्याचे काम अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे.